आमच्या रॉडीचं मत

शनिवार, ३ फेब्रुवारी

तीन जणांवर आलंय म्हणे सगळं! टीव्हीवरचा माणूस सकाळपासून तेच घोकतोय. न्यायाधीश व्हिटलॉक सर्वोच्च न्यायालयात जाणार की नाही, हे सेनेटमधले तीन ‘मध्यममार्गी’ ठरवणार. एक ती ओरेगनची म्हातारी बाई, एक दक्षिणेकडचा मिशीवाला आणि तिसरा आमचा रॉडी. तिघंही व्हिटलॉकला आणणाऱ्या पक्षाचेच. तिघांनी मिळून नाही म्हटलं तर व्हिटलॉक घरी. एकट्यादुकट्याने म्हटलं तर त्याचं काही बिघडत नाही.

मी मांस-बटाट्याच्या पास्ट्या भरत होते, हात तसेच राहिले. या पोराला मी शाळेच्या बसमधून नेलंय-आणलंय. वळणावर त्याला मळमळायचं म्हणून पुढच्या सीटवर बसवायचे. तो आज अख्ख्या देशाचं न्यायालय मुठीत धरून बसलाय! खरंच वाटत नाही. आणि लगेच असंही वाटतं की बाबा रे, धरलंयस तर मूठ उघड ना.

माझा नवरा आर्वो म्हणाला, “बोलेल. वेळ आली की बोलेल.” एवढं म्हणायलाही त्याला मध्ये थांबावं लागलं.

रविवार, ४ फेब्रुवारी

चर्चमध्ये सगळे माझ्याकडे बघत होते. जणू मत माझंच आहे.

त्यांचं तरी काय चुकलं? खाण विकली गेली तेव्हा नवे मालक म्हणाले, म्हाताऱ्या कामगारांच्या फुप्फुसांचा खर्च आमच्याकडे नाही, तो जुन्या कंपनीकडे मागा. जुनी कंपनी आहे कुठे? नावाची पाटीसुद्धा उरली नाही. आमच्या माणसांचा खटला येत्या शरदात सर्वोच्च न्यायालयात उभा राहील. आणि या व्हिटलॉकने दुसऱ्या राज्यातल्या कोळसा कामगारांना तोंडावर सांगितलंय की नवी कंपनी म्हणजे नवा माणूस, त्याला जुन्याचं वचन बांधत नाही. आर्वोचा ऑक्सिजन त्या वचनावर चालतो. आमच्या कोर्पी गावातल्या निम्म्या घरांत तो चालतो.

आणि रॉडीचा बाप, म्हणजे आर्वोचा थोरला भाऊ, याच धुळीने गेला. रॉडीला हे मी सांगायला हवं?

मंगळवार, ६ फेब्रुवारी

रॉडी टीव्हीवर. निळा टाय. “मी माझं मन मोकळं ठेवलं आहे. दोन्ही बाजूंचं म्हणणं मला महत्त्वाचं वाटतं.”

व्हर्ना शेजारून कॉफीला आली होती. ती म्हणाली, “इतकं मोकळं ठेवलंय की वारा आरपार जातोय.”

मी तिला गप्प केलं. पुतण्या आमचा आहे, शिव्या द्यायच्या तर आम्ही देऊ. ती गेल्यावर मी दिल्या.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

त्याच्या ऑफिसला फोन केला. निरोपाची पेटी भरलीय म्हणे. सगळा देश त्याच्या कानाशी लागलाय.

शनिवार, १० फेब्रुवारी

आज काय काय बघितलं ते नीट लिहायला हवं.

रॉडी घरी आला. दर हिवाळ्यात एक शनिवार तो काकाबरोबर सौनात, आमच्या वाफेच्या लाकडी खोलीत, बसतो, सेनेटर झाला तरी ते मोडलं नाही. दुपारीच मी लाकडं पेटवली. डॉक्टरांनी आर्वोला फक्त खालच्या बाकाची परवानगी दिलीय, तीही थोड्या वेळाची. दोघं आत गेले. मी बाहेर ओसरीत बसून होते, कान आत लावून. आतून एक शब्द नाही. आम्हां फिन लोकांना आजीच्या आजीपासून शिकवलंय की सौनात चर्चमध्ये वागावं तसं वागायचं. भांडण नाही, पैसा नाही, राजकारण तर नाहीच. एरवी मला त्याचा अभिमान आहे. आज वाटलं, दार लाथेने उघडावं आणि विचारावं.

आर्वो बाहेर आला तो लालबुंद, डोळे भरलेले.

“काय म्हणाला?”

“काही नाही.”

“तू काय विचारलंस?”

“काही नाही.”

“मग रडतोस कशाला?”

“तापल्या दगडांवर पाणी त्यानेच टाकलं, एल्मा. माझ्या दमाला जपून, अगदी थोडं थोडं. तो आपला आहे.”

यावर काय बोलणार! आमच्याकडे गप्प बसलेल्या माणसाचं सगळं खरं मानतात.

तेवढ्यात खिडकीतून रस्ता दिसला आणि मी उभीच राहिले. बायका. दोनशे तरी असतील. तळ्याच्या कडेने ओळीत, एकीला एक खेटून. पुलाच्या पलीकडून, डेट्रॉइटहून, कुठून कुठून बस करून आलेल्या. नाकातले केस गोठतील अशी थंडी, आणि एकीच्या तोंडून घोषणा नाही. काहींच्या हातात माणसांचे फोटो, खाणीतले, भट्टीतले, गाड्यांच्या कारखान्यातले. नुसत्या सौनाच्या दाराकडे बघत होत्या. पन्नास मुलांची बस मी आयुष्यभर चालवली, पण इतक्या माणसांची अशी शांतता कधी ऐकली नव्हती. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला व्हिटलॉकच्या बाजूचे दहाबारा पुरुष फलक घेऊन आले होते, तेसुद्धा फलक खाली करून उभे राहिले.

रॉडी नेहमीसारखा बर्फात लोळायला बाहेर आला. कमरेला टॉवेल, अंगातून वाफा निघतायत. आणि समोर दोनशे बायका!

काय केलं असेल त्याने? मान लववली. म्हणाला, “थंडी फार आहे. कॉफी घ्या.” आणि घरात पळाला.

मग मी बूट घातले. तापलेली सौना आणि दारात गारठलेली माणसं, असं ठेवायची आमच्यात रीत नाही. सहासहा जणींना आत घ्यायला लागले. त्यांच्या पुढाऱ्या मिसेस ओडेसा ग्रीन. साठीच्या, काळ्या, रुंद, आवाज घंटेसारखा. दारातच थबकल्या.

“सगळे कपडे?”

“सगळे.”

“माझ्या नवऱ्याने तीस वर्षांत पाहिलं नाही ते तुम्ही बघणार, बाई.”

“मी इथे कुणाकडे बघत नाही. पाणी टाकते.”

आत त्यांनी तोंड उघडलं आणि मी बोट ओठांवर ठेवलं. कशा हसल्या! मग गप्प बसल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, “आम्हाला कळलं होतं की इथले लोक ओरडणाऱ्याचं ऐकत नाहीत. म्हणून गप्प उभ्या राहिलो. पण तुम्ही तर गप्प राहणाऱ्यालाही काही विचारत नाही. मग कळतं कसं तुम्हाला?”

मी त्यांच्या हातात कोरडा टॉवेल दिला.

त्याच पुढे म्हणाल्या, “ते बाकीचे दोघं तुमच्या माणसाकडे बघतायत. तो आधी बोलला तर ते त्याच्या मागून येतील. एकट्याने पहिलं पाऊल टाकायची छाती त्यांच्यात नाही.”

आणि रॉडी? तो माझ्या स्वयंपाकघरात उभा राहून कॉफी ओतत होता! प्रत्येकीला वेलदोड्याचा पाव कापून देत होता. “तुमचं म्हणणं मला पटतं.” पाच मिनिटांनी तोच थर्मास घेऊन रस्त्यापलीकडे गेला, त्या फलकवाल्यांकडे. त्यांचंही पटलं असणार. दोन्ही डगरींवर हात ठेवून चालणारा माणूस! राग यावा की त्याच्या चपळाईचं कौतुक करावं कळेना.

जाताना मला मिठी मारली. विचारायला तोंड उघडलं, पण मागे आर्वो उभा होता. गिळलं सगळं.

रविवार, ११ फेब्रुवारी

ओडेसाबाईंचा फोन. मतदान शनिवारी. त्यांच्या बसमध्ये एक जागा आहे.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

आर्वो म्हणतो, “जा. तुझ्यावाचून मी काही मरत नाही. व्हर्ना आहे.”

“व्हर्नाचा स्वयंपाक खाल्लायस का?”

“म्हणूनच लवकर ये.”

चाललेय. जन्मात कधी दुसऱ्याने चालवलेल्या बसमधून इतक्या लांब गेले नाही. ड्रायव्हरच्या मागेच बसेन.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

वॉशिंग्टन. तो घुमट! चित्रात बघितलेला, नोटेवर बघितलेला, तरी वळणावर अचानक समोर आला आणि सगळी बस एका बाजूच्या खिडक्यांशी गोळा झाली. आमच्या वडिलांना वाचता येत नव्हतं आणि त्यांच्या मताने असल्या घुमटाखाली माणसं बसत होती. मला हे कधी सुचलं नव्हतं. ओडेसाबाईंचे डोळे ओले. त्यांच्या आजीला तर मतच नव्हतं.

रॉडीच्या ऑफिसच्या बाहेरचा रस्ता माणसांनी भरलेला. चाकाच्या खुर्चीतले, नळीने श्वास घेणारे. पोलीस एकेकाला उचलून नेत होते आणि तो उचलला की त्याच्या जागी दुसरा येऊन बसत होता. पोलिसांनाही त्यांच्याशी अदबीने बोलावं लागत होतं. मी भिंतीला टेकून नुसती बघत राहिले. एवढी सगळी माणसं, एका रॉडीसाठी!

तो पाच मिनिटं भेटला. डोळ्यांखाली काळं आलंय. या वेळी मात्र मी विचारलंच. इथे काही सौना नव्हती.

“रॉडी, काय करणार आहेस?”

“काकू, मी सगळं वाचतोय. कुणावर अन्याय नको.”

“तुझ्या बापावर झाला तेवढा चालेल?”

त्याने माझा हात दाबला आणि दाबूनच ठेवला. “शनिवारी बघ,” म्हणाला.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

गेलं सगळं. दुपारी ओरेगनच्या बाईने जाहीर केलं, हो म्हणणार. तासाभरात मिशीवाला, तोही हो. दोघांनीही तेच शब्द वापरले की जड अंतःकरणाने. एवढं जड असतं तर उचलत कशाला!

आता रॉडी काय म्हणेल त्याने व्हिटलॉक थांबत नाही. ओडेसाबाई पलंगावर बसून पाय चोळत होत्या. “तो सोमवारी बोलला असता तर,” म्हणाल्या. पुढचं मला ऐकवलं नाही.

रॉडी अजून गप्पच आहे.

शनिवार, १७ फेब्रुवारी

आजचं आजच लिहिते.

सेनेटच्या सज्जात बसायला मिळालं. फोन बाहेर, कोट बाहेर, कठड्यावर हात ठेवायचा नाही. खाली शंभर मेजं, शाळेतल्यासारखी. एरवी म्हणे हे लोक येता-जाता अंगठा वरखाली करून मत देतात. न्यायाधीशाच्या वेळी मात्र प्रत्येकाने आपापल्या मेजाशी बसायचं, आणि नाव पुकारलं की उभं राहून बोलायचं. सगळ्यांदेखत. बाई नावं वाचत होती. खुर्ची सरकायची, एक माणूस उठायचा, एक शब्द, पुन्हा खुर्ची. इतकी मोठी सत्ता आणि आवाज फक्त खुर्च्यांचा. मागून एक मुलगी ओरडली, “आमच्याकडे बघा!” तिला नेलं. दार लागेपर्यंत तिचा आवाज येत होता. खाली कुणी मान वर केली नाही.

“मिस्टर कौकोला.”

रॉडी उठला. त्याच्या पक्षाचे सगळे त्याच्याभोवती बसलेले, त्यांच्यात तो एकटा उभा. बापाची उंची, बापाचे वाकलेले खांदे.

“नाही.”

एवढंच. चढ्या आवाजात नाही, पण शेवटच्या भिंतीपर्यंत गेलं. पक्षातला एकटा! सगळं हातातून गेलेलं असताना, काही फायदा नसताना, घरच्या वैऱ्यांत उभं राहून नाही म्हणाला. मी हात कठड्यावर ठेवला, पहारेकरी काही बोलला नाही. ओडेसाबाई माझ्या कानात म्हणाल्या, “उशीर झाला. पण उभा राहिला.”

व्हिटलॉक एक्कावन्न विरुद्ध एकोणपन्नासने न्यायालयात गेला. आम्ही हरलो. आणि तरी मी एवढं मोठं काही आयुष्यात पाहिलं नाही. मी त्याला तळ्यात-मळ्यात करणारा म्हणाले, काय काय म्हणाले. वेळ आली की बोलेल, हे आर्वोला ठाऊक होतं.

सोमवार, १९ फेब्रुवारी

घरी. आर्वोने ते मतदान टीव्हीवर इतक्या वेळा बघितलंय की नावांचा क्रम त्याला पाठ झालाय. खटला आता हातचा जाणार हे त्यालाही कळतं. मी तसं म्हणाले तर म्हणतो, “जाऊ दे. माझ्या भावाचा मुलगा एकटा उभा राहिला.” आज जिन्याच्या चार पायऱ्या नळीशिवाय चढला. ओरडले मी. पण त्याचा चेहरा! लग्नाच्या दिवशीसुद्धा असा नव्हता.

व्हर्ना पाव घेऊन आली. “मी शब्द मागे घेते,” म्हणाली. व्हर्ना!

बुधवार, २१ फेब्रुवारी

रॉडीचा फोन. मी म्हटलं, “पक्षाने फार छळलं असेल रे तुला.” तो हसला. “छे, काकू, छळतील कशाला? त्या दोघांनी गुरुवारीच शब्द दिला होता. आकडा भरला होता. पक्षाचे साहेब स्वतःच म्हणाले, तुझं मत आता लागत नाही, तुझी पुढच्या वर्षी निवडणूक आहे, जा, गावाला आवडेल तसं दे.”

मी विचारलं, “आणि लागलं असतं तर?”

तो गप्प बसला.

“काय म्हणतोय आपला रॉडी?” आर्वोने खोलीतून विचारलं.

म्हटलं, “तुझी तब्येत विचारतोय.”

“त्याला सांग, मी अभिमानाने मरेन.”

सांगितलं.