बागेच्या बिलातली सुकी मासळी

८ जाने., सोम.
बागेची फाईल अखेर माझ्याच गळ्यात. मनोरुग्णालयाच्या मागे पेशंट भाजी लावतात, आम्ही स्टाफ ती विकत घेतो, तरी दरवर्षी तोटा. नव्या साहेबांना ती बंद करून पार्किंग हवंय. महिनाअखेर अकाउंट्सची नोट द्यायची, म्हणजे मी. बिलं चाळली तर काय, ‘सुकी मासळी, पाच किलो’. बागेला! माळीकाकांची चंगळ आहे. लाल रेघ मारली.

१०, बुध.
माळी कांबळेकाका वर आले. "मॅडम, मासळी दुधीला घालतो. खत म्हणून." म्हटलं, मला शेंडी लावू नका, शेणखताचं बिल वेगळं आहे की. निघून गेले. पंधरा वर्षांत असली बिलं खूप पाहिलीत.

२४, बुध.
जेवताना महिला वॉर्डच्या सिस्टर म्हणाल्या, भानाबाईचं जेवण कमी झालंय. वेसाव्याची कोळीण, नऊ वर्षं इथे. आता बरी आहे, पण न्यायला कोणी येत नाही. दिवसभर बागेत. "बुधवारी जेवणात मासा असतो, खाल्ला म्हणते, खात नाही." मला काय त्याचं... पण डबा तसाच झाकला.
खाली गेले. नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच. नळाशी बसून ती कालवणातले बोंबील धूत होती, मसाला निघेपर्यंत, एकेक तुकडा. मग दुधीच्या मुळाशी खळगा, तुकडा आत, वर माती.
"धुतेस कशाला गं?"
"तिखट लागंल त्याला."
वर पाहिलं. अख्खा मांडव दुधींनी लगडलेला. बघतच राहिले. एवढं सगळं त्या दोन हातांनी. आणि माझ्या रेघेपायी तीन बुधवार हिने तोंडचा घास वेलाला दिला. लाज वाटली, फार.

२५
काकांची माफी मागितली. "माझं डोकं नाही हो, तिचीच शिकवण. त्यांच्याकडे माडाला घालतात." संध्याकाळी घाटकोपर मार्केटमधून सुकट घेतली. बसमध्ये सगळ्यांनी नाकं धरली. धरा.

३१, बुध.
नोट दिली. तोटा आहे तो आहे, लपवला नाही. लिहिलं की मासळीचं बिल कापणं ही माझी चूक, आणि बाग बंद करू नये. साहेब म्हणाले, "अकाउंट्सने फक्त आकडे द्यावेत." मग, "बघू." त्या ‘बघू’चा अर्थ...
जाऊ दे.
खाली गेले. भानाबाई सगळ्यात मोठ्या दुधीला चिंधी बांधत होती. "ह्यो तोडायचा नाय. बियाला ठेवलाय."
म्हटलं, "भानाबाई, पुढच्या वर्षी बाग असेल की नाही, माहीत नाही गं."
"मी तुला इचारलं काय? धर इकडून, बाय."
गाठ बसेपर्यंत दुधी धरून उभी राहिले. जड होता.