पूजाच्या नावावर

१८ नोव्हेंबर २०२४, सौंसर

आले एकदाची. छिंदवाड्याची बस अकराला पोचली आणि बाराच्या आत खोलीची किल्ली हातात होती. घरमालक रघुनाथराव तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. ते आणि कलाबाई खाली राहतात. वर माझी एक खोली, मोरी आणि पुढं ऐसपैस गच्ची. तिथून संत्र्यांचे ट्रक भरताना दिसतात, वारा आला की सालीचा वास येतो. सामान वर नेताना कलाबाई माझी खोकी पाहून म्हणाल्या, ‘भांडे चार अन् पुस्तकं दोनशे, मॅडम तुमी जेवता का नुसतं वाचूनच राह्यता?’ आणि मला खाली जेवायला घेऊन गेल्या.

सोळा वर्षं हिंदी शाळेत शिकवलं. आज दुपारी इथल्या मराठी शाळेत रुजू झाले, हजेरीपटावर मुख्याध्यापकांनी माझं नाव लिहिलं, स्मिता, आणि आठवीतली एक मुलगी दारात उभी राहून म्हणाली, मॅडम, मी येऊन राहिली. आई गेल्यापासून ही बोली कानावर पडली नव्हती. बदली मागून घेतली ते फार बरं केलं.

२२ नोव्हेंबर

दुखण्याचं इथं लिहून ठेवते, म्हणजे कुणाला सांगावं लागणार नाही.

दोन वर्षांपूर्वी शाळेच्या सहलीबरोबर हिमाचलात गेले होते. मेंढ्यांच्या कुरणात मुली दिवसभर लोळल्या, मीही बसले. रात्री गुडघ्यामागं गोचीड चिकटलेली सापडली. ओढून काढली, विसरून गेले. आठवड्यानं तिथं लाल कडं उठलं, बांगडीएवढं. मग ताप. ताप उतरला, पण नजर पहिल्यासारखी झाली नाही. सगळ्यावर सतत काहीतरी भुरभुरत असतं, चक्कीतल्या उन्हात पीठ उडावं तसं. छापील ओळी चालू लागतात. आणि माणूस उठून गेलं की त्याचा आकार दोन-तीन श्वास जागेवर राहतो.

छिंदवाड्याला डोळे तपासले, मेंदूचा फोटो काढला. सगळं ठीक निघालं. एका डॉक्टरांनी वयाचं कारण सांगितलं, दुसऱ्यांनी लग्न न केल्याचं. गेल्या महिन्यात नागपूरच्या डॉ. ऋतुजांनी पहिल्यांदा विचारलं, कुठं लाल कडं उठलं होतं का? मला तिथंच रडू आलं. त्यांना लाइमचा, म्हणजे गोचीड चावून होणाऱ्या आजाराचा, संशय आहे. आपल्याकडे क्वचित होतो, म्हणून कुणी विचारत नाही. रक्त तपासून घ्यायला सांगितलंय. तोवर घाबरू नये म्हणून त्यांनी एक खूण दिली. आकार दिसला की नजर हळूच बाजूला न्यायची. तो नजरेबरोबर सरकला तर तो डोळ्यातला. मी विचारलं, नाही सरकला तर? त्या हसून म्हणाल्या, मग त्याला चहा विचारा.

३० नोव्हेंबर

हे रक्त पांढुर्ण्याच्या एका केंद्रातच घेतात. तिथून नमुना नागपूरच्या गाडीनं जातो, पुढं मुंबईला. एकटीला नको म्हणून कलाबाई सोबत आल्या. केंद्रात ट्यूबलाइट थरथरत होती, फॉर्मवरचं एक अक्षर मला स्थिर दिसेना. खिडकीतल्या माणसानं नाव विचारलं. मी बोलायच्या आत कलाबाईंनी सांगितलं, पूजा. आणि माझा हात दाबला.

मी तोंड उघडलं होतं. पण शाळेचा विचार आला. असा कागद माझ्या नावानं फिरत मुख्याध्यापकांपर्यंत गेला तर? मी गप्प राहिले. त्यानं वय विचारलं तेव्हा फक्त म्हणाले, चव्वेचाळीस.

परतीच्या बसमध्ये कलाबाईंनी समजावलं. पूजा म्हणजे त्यांची सून, अतुलची बायको. चार वर्षांपूर्वी तापानं तीन दिवसांत गेली. सव्वीस वर्षांची होती. अतुल तेव्हापासून नागपूरलाच असतो. तिची खोली म्हणजे माझी खोली. ‘मेलेल्याच्या नावानं दुखणं लिवलं का ते तिकडंच राह्यते, मॅडम. वापस येत नाही. आमच्या लोधीखेड्यात अशेच करत. तिला आता काय होते?’

त्यांनी मायेनंच केलं.

८ डिसेंबर

अहवाल अजून नाही. आज रविवार, दिवसभर कुणाशी बोलले नाही. संध्याकाळी कलाबाई भरल्या वांग्याची वाटी देऊन गेल्या आणि त्यांचा आकार दाराशी थोडा वेळ उभा राहिला. नजर भिंतीकडे नेली, तो भिंतीवर आला. खरं सांगायचं तर या आकारांची सवय झाली आहे. माझ्याकडे फार कुणी येत नाही, पण आलेलं लगेच जातही नाही.

आजार निघो, एवढंच मागते. आजार निघाला तर मी आजारी आहे. नाही निघाला तर मी कोण आहे, हे मला कळत नाही.

१३ डिसेंबर

अहवाल फोनवर आला. आहे. लाइम आहे! आधी एक चाचणी, मग खात्रीची दुसरी, दोन्हींत आहे. वेडी नाही मी. खाली जाऊन कलाबाईंना मिठी मारली, त्या म्हणाल्या, दुखणं निघालं म्हून नाचणारी बाई पयल्यांदा पाह्यली.

वर येऊन अहवाल पुन्हा वाचला. नाव पूजा, वय चव्वेचाळीस. त्या पोरीला हे वय कधी लागलंच नाही.

डॉ. ऋतुजांना नावाचं सगळं सांगितलं. त्या रागावल्या. गोळ्या सुरू करण्याआधी माझ्या नावानं पुन्हा रक्त द्यायचं, असं ठरलं.

१६ डिसेंबर

भुरभुर नाही. सकाळी उठले तर भिंत नुसती भिंत होती. ओळी जागच्या जागी. एकही गोळी घेतलेली नाही. शाळा सुटली, मुली गेल्या, आणि बाकं एकदम रिकामी झाली. इतकं रिकामं मी दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. आनंद व्हायला हवा होता.

१९ डिसेंबर

दुपारी घरी आले तर जिन्याच्या वळणावर एक बाई बसली होती. पिवळी साडी, लहान वय. डोळे चोळत होती. भिंतीकडे बघायची, मान झटकायची, पुन्हा चोळायची. हे मला ओळखीचं आहे. पहिले काही महिने मी असंच करायचे.

नजर भिंतीवर नेली. मग कठड्यावर. बाई पायरीवरच राहिली.

चहा विचारला नाही.

२१ डिसेंबर

कलाबाई तांदूळ निवडत होत्या. साडीचा रंग सांगितला तर हात थांबला. म्हणाल्या, पूजाला शेवटी पिवळीच नेसवली होती. मग त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, तिला तरास होऊन राह्यला का? मी नाही म्हणाले. खोटं बोलले.

एकटीच पांढुर्ण्याला जाऊन माझ्या नावानं रक्त देऊन आले. खिडकीतल्या माणसाला तीनदा हाक मारावी लागली.

२८ डिसेंबर

अहवाल आला. नाही. काहीच नाही.

डॉ. ऋतुजा म्हणाल्या, असं होत नाही, रक्तातली खूण महिनोन्‌महिने राहते. मग म्हणाल्या, हॅलो, मॅडम, आवाज येत नाहीये. मी बोलतच होते. फोन ठेवला त्यांनी.

वर्गात हजेरी घेतली. कुणी हजर म्हटलं नाही. पहिल्या बाकावरची मुलगी शेजारणीला सांगत होती, मॅडम आजबी नाही आल्या वाटते.

३० डिसेंबर

कलाबाईंनी दोन दिवसांत वर फेरी मारली नाही. खाली गेले, दारात उभी राहिले. रघुनाथरावांनी पेपर खाली केला, माझ्या रोखानं पाहिलं. कलाबाईंना म्हणाले, दारात काही हाललं का? मांजर असन, असं त्या म्हणाल्या.

पूजा आता खोलीत असते. तिला मी दिसते. पण मला माणसं दिसायची तशी. मोरीत जाऊन दोन-तीन श्वास झाले तरी ती खुर्चीकडेच बघत होती — मी उठून गेले होते त्या खुर्चीकडे.

३१ डिसेंबर

मी खिडकीशी होते. तिनं मान वळवली. मी दाराशी.

चालले नाही मी.

२ जानेवारी

तिला कुणी सांगितलेलं नाही. लाल कडं उठलं होतं का, असं तिला कोण विचारणार. तिला वाटत असेल, आपलंच डोकं — दोन वर्षं मलाही तेच वाटलं. माझं दुखणं तिच्या अंगावर घातलं आणि मी गप्प बसले. कलाबाईंना माहीत नव्हतं. मला तरी —

परत घ्यायचं. माझ्या नावावर.

केंद्रात गेले. कुणी वर पाहिलं नाही. हात पुढं केला, सुई दुसऱ्याला टोचली. कोरा फॉर्म उचलून आणला. नाव लिहिलं. शाई वाळली की उमटलेलं राहत नाही. चारदा लिहिलं.

३ जानेवारी, दुपार

इथं अजून उमटतंय. म्हणून इथंच लिहिते. दुखणं माझं आहे. पूजाचं नाही. वय चव्वेचाळीस, ते माझं —

ती टेबलाशी आली आहे. वाकून वाचते आहे. अक्षरं तिला चालताना दिसत असणार. मी मोठ्यानं सांगते आहे, घाबरू नको गं, हा आजार आहे, हे सगळं तुझ्या डोळ्यातलं —

ऐकू जात नाही.

पदराचं टोक बोटाला गुंडाळलं तिनं. काचेवरचा डाग पुसतात तसं. माझ्या तोंडापुढं —

नको. पूजा. मी डाग नाही. मी स्मि