न पाहिलेली लढत

पुणे,
१८ जानेवारी २०२५

ती. बाबांस,
प्रियंकाचा सविनय जयभीम.

फोनवर तुम्ही नुसतं हं-हं म्हणता आणि ऐकू काहीच येत नाही, हे मला ठाऊक आहे. कोळशाच्या खाणीने अठ्ठावीस वर्षांत तुमचे कान घेतले, म्हणून कागदावर लिहिते. वाचल्यावर तरी ऐकलं नाही असं म्हणता येणार नाही.

वनरक्षकाच्या नोकरीचा कागद आला, आपल्या विक्कीने फोटो पाठवला. दहा मार्चपर्यंत पांढरकवड्याला हजर व्हायचं आहे. तुम्ही गल्लीत पेढे वाटल्याचंही कळलं. बाबा, फॉर्म मी भरला, धावले मीच, पासही झाले. पण तेव्हा माझ्या मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या व्यावसायिक लढती सुरू झाल्या नव्हत्या. आता एक जिंकले, एक हरले. कोच म्हणतात, अजून पाच-सहा वर्षं तुझ्या अंगात आहेत. नोकरी धरली तर हे संपलं आणि हे धरलं तर नोकरी गेली. दोन्ही होणार नाही.

तुम्ही याला मारामारी म्हणता, पण एकही लढत पाहिलेली नाही. आठ फेब्रुवारीला दिल्लीत माझी तिसरी लढत आहे, बावन्न किलो वजनगटात. शेजारचा पिंटूदादा समाजमंदिरात पडद्यावर दाखवणार आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहा. पाहून जे सांगाल ते करीन, हा माझा शब्द. कुस्ती मला तुम्हीच शिकवली, तेव्हा निवाडाही तुमचाच.

आईला सांगा, मी पोटभर जेवते. वजनासाठी नुसतं उकडलेलं जेवते ते सांगू नका.

राग आला तरी माया आटू देऊ नका.

तुमची,
प्रियंका


राजूर,
११ फेब्रुवारी २०२५

चि. प्रियंकास,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

जिंकलीस, शाब्बास! समाजमंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. खाणीत माझ्या पाळीला असणारे मारोतराव आनंदाने खुर्चीवर चढले आणि खुर्चीसकट खाली आले. लागलं नाही, पण दोन दिवस तोच विषय आहे. तुझी आई विचारते, का पोरीनं नाकाले बर्फ लावला का नाही, अन् त्या दुसऱ्या पोरीच्या मायचा जीव कसा झाला असन. मी म्हटलं, तिची माय तिचं पाहील.

लढत चांगली झाली. मला विशेष आवडलं ते हे, की तू पाठ लागू दिली नाहीस. ती पोरगी उंच, तरी तिला वर चढू दिलं नाहीस आणि खाली घेऊन चीत केलीस. केळापूरच्या यात्रेतल्या कुस्त्यांच्या दंगलीत मी असाच लढायचो. शिकवलेलं वाया गेलं नाही याचं समाधान आहे.

आता निवाडा. जिंकून थांबण्यात मान आहे. दहा मार्चला हजर हो. टिपेश्वरच्या जंगलात नेमणूक मिळाली तर वाघच ताईले पाहून पळन, असं विक्की म्हणतो. शब्द दिला आहेस, तो पाळ.

तब्येतीला जप आणि आम्हां म्हाताऱ्यांवर लोभ ठेव.

तुझा बाबा,
उकंडा


पुणे,
१७ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस,
सविनय जयभीम.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा शंका आली, तिसऱ्यांदा हसू आलं. आता मात्र खरोखर राग आला आहे.

बाबा, माझी पाठ साडेतीन मिनिटं जमिनीलाच होती. ती वर आणि मी खाली. या खेळात पाठ लागली म्हणजे हार होत नाही. मी खालूनच तिचा हात पायांत धरला, कोपर ताणलं, तिने सोड म्हणून थापट्या मारल्या आणि पंचांनी आम्हाला सोडवलं. तिला मी चीत केलीच नाही. समाजमंदिरातल्या सगळ्यांनी हे पाहिलं, फक्त तुम्ही पाहिलं नाही.

विक्कीला विचारलं. आधी उडवाउडवी केली, मग कबूल झाला. पहिल्या मिनिटात माझ्या नाकातून रक्त आलं आणि तुम्ही उठून नळावर तोंड धूत बसलात. आतला आरडाओरडा तुम्हाला ऐकू येणं शक्यच नव्हतं. मारोतरावकाका बोलवायला आले, तेव्हा सगळं आटोपलं होतं.

कुस्ती न पाहता पंचाने दुसऱ्याचा हात वर केला असता, तर तुम्ही दंगलीत काय केलं असतं? तुमचा हा निवाडा मी धरत नाही. विक्कीच्या मोबाइलमध्ये लढत आहे, पाच मिनिटांचीसुद्धा नाही. ती पाहा. मग नाही म्हणालात तरी दहा मार्चला खाकी घालीन आणि हा विषय पुन्हा काढणार नाही.

भांडते आहे, पण मुलगी तुमचीच आहे हे विसरू नका.

प्रियंका


राजूर,
२४ फेब्रुवारी २०२५

चि. प्रियंकास,
आशीर्वाद आणि जयभीम.

खोटं लिहिलं, माफ कर. बापाने असं करायला नको होतं.

तुझं पत्र आल्यावर विक्कीच्या मोबाइलवर लढत लावली, पण पहिल्या दिवशी तुझ्या नाकाला लागलं तिथेच मोबाइल पालथा ठेवला. दुसऱ्या दिवशी तुझी आई शेजारी येऊन बसली. तिचं म्हणणं, मी पाह्यलं तं तुमाले पाहाले काय होते, पोरगी काय माह्या एकटीची हाय? मग शेवटपर्यंत पाहिली. त्यानंतर एकट्याने आणखी चार वेळा पाहिली.

तू खाली पडलीस तेव्हा जुन्या सवयीने माझ्या तोंडून ‘हरली’ असं निघालं. मग तुझा चेहरा दिसला. ती वरून मारत होती आणि तू तिच्या हातावर नजर ठेवून होतीस, तुझी आई भाजीवालीच्या तराजूवर ठेवते तशी. तू घाबरलेली नव्हतीस. पोरी, माझी पाठ लागायला आली की मी डोळे मिटून घ्यायचो. निम्म्या कुस्त्या त्यामुळेच हरलो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, तुझ्या आईलाही नाही. ही नजर मी तुला शिकवलेली नाही. ती तुझी तू मिळवलीस.

तेव्हा निवाडा असा, की खेळ. मला हा खेळ अजून आवडलेला नाही आणि आवडेल असं वाटत नाही, तरी खेळ. पण नोकरीवर नुसती गैरहजर राहू नकोस. येत नाही असा अर्ज स्वतःच्या सहीने लगेच पाठव. प्रतीक्षा यादीत कुणाची तरी पोर वाट पाहत असेल, तिची जागा अडवू नकोस. पेढे खाल्लेल्यांना काय सांगायचं ते मी पाहतो.

पुढची लढत कुठे आहे ते कळव. मी आणि तुझी आई येणार आहोत. जागा आधीच धरून ठेव.

सुखात राहा, आमचा जीव तुझ्यापाशी आहे.

तुझा बाबा,
उकंडा

ता. क. माझी जागा दाराजवळ धरू नकोस. ओळीच्या अगदी मधली घे. दोन्हीकडे माणसं बसलेली असली की उठून जाता येत नाही.