कोपऱ्याच्या खोलीतली हजेरी

७ सप्टेंबर २०१७, यवतमाळ

लिहायला बसले त्याचे कारण सांगून टाकते. मुलींच्या वसतिगृहाचा पदभार आज घेतला, पण तो द्यायला माणूस नव्हते. आधीच्या रेक्टर विमलताई जूनमध्ये वारल्या. किल्ल्यांचा जुडगा स्वयंपाकीण शकुबाईने पदराला पुसून माझ्या हातात ठेवला, आणि झाला चार्ज. मी, रुखमा, जुनी बी.एस्सी., निवृत्त मुख्याध्यापिका. कागदाशिवाय घेतलेला चार्ज मला पचत नाही. म्हणून काय मिळाले, काय केले, ते इथे लिहीत जाईन.

दिवस मात्र छान गेला. वर्ध्याहून येताना कळंबला उतरून चिंतामणीचे दर्शन घेतले. ही इमारत म्हणजे कापसाची जुनी वखार. एका खोलीतल्या गाठींना आग लागली तरी ती दुसरीत जाऊ नये म्हणून भिंती दोन-दोन हात जाड, दगडी. आत गार वाटते. मुली नीटस आहेत, बहुतेक खेड्यांतल्या. दोघींनी माझी ट्रंक हसत हसत उचलून आणली. मला रुखमे म्हणणारी आई गेली, तेव्हापासून मी सगळ्यांची मॅडमच आहे. इथे तरी बदल हवा, म्हणून सांगितले, मला ताई म्हणा. त्या एकमेकींकडे पाहू लागल्या. शकुबाई भाकर थापता थापता म्हणाली, "ताई एकच व्हत्या जी."

९ सप्टेंबर

पहिली तक्रार वायफायची. या भिंतींमुळे खोल्यांत मोबाईलची रेंज येत नाही. वायफायचे यंत्र एकच, तेही मागच्या व्हरांड्यात, विमलताईंच्या कोपऱ्यातल्या बंद खोलीबाहेरच्या कोनाड्यात. व्हरांड्यापलीकडे ते पोचत नाही. त्यामुळे दिवेलागणीला सगळ्या मुली तिथे ओळीने फरशीवर बसतात आणि घरी फोन लावतात. कपाशीवर फवारणी चालू आहे, विष लागून माणसे दवाखान्यात पडताहेत. बापाचा आवाज ऐकल्याशिवाय मुली ताटावर बसत नाहीत. महागावची वैष्णवी फोनवर वडिलांना दटावत होती, "बाबा, तोंडाले फडकं नाही ना बांधलं? खोटं नोका बोलू, मले इथून दिसते."

यंत्राच्या वर विमलताईंची तसबीर. बसण्याआधी प्रत्येकीचा हात तिला लागतो. हजेरीही विमलताई तिथूनच घेत. घंटा नाही, पट नाही. व्हरांड्यात उभे राहून हळू आवाजात नाव घ्यायच्या आणि खोल्यांतून उत्तर यायचे, आली ताई. इतक्या जाड दगडातून? मी विचारले. वैष्णवी म्हणाली, "ताईचा आवाज पोचते, मॅडम. तुमचा तं पंखाच अडवते." मुली हसल्या. मीही हसले. जेवण मात्र गेले नाही.

१३ सप्टेंबर

लोहाऱ्याहून प्रफुल्ल नावाचा वायफायवाला आला. हातात मोबाईल धरून खोलीखोलीत फिरला. म्हणाला, या भिंतींपुढे एक यंत्र म्हणजे रानात पणती. भिंतींना भोके पाडून प्रत्येक खोलीत वायर आणि छोटी डबी द्यावी लागेल. योग्य बोलला. काम सांगून टाकले.

मुख्य यंत्र मात्र कोनाड्यातून काढून माझ्या खोलीत बसवायला लावले. कायले, त्याने विचारले. देखरेखीसाठी, मी म्हणाले. खरे कारण इथे लिहिते. डब्या लागेपर्यंत मुली माझ्या दाराशी येऊन बसतील. मेलेल्या बाईचा हेवा करणे शोभत नाही. पण वाटतो.

१६ सप्टेंबर

दाराशी सतरंज्या टाकल्या होत्या. कोणी आले नाही. मुली व्हरांड्यातच, रिकाम्या कोनाड्याखाली बसून घरी बोलत होत्या. वैष्णवीने मोबाईल पुढे केला. रेंज पूर्ण. वायफायचे नाव 'ताई'. पासवर्ड नाही.

प्रफुल्ल म्हणाला, एखादीने आपल्या मोबाईलचा हॉटस्पॉट चालू ठेवला असेल. मी सगळे मोबाईल परातीत गोळा करून बंद केले. त्याच्या एकट्याच्या मोबाईलवर 'ताई' तसेच, पूर्ण. त्याने कोनाड्यात हात फिरवला. स्क्रूची भोके, बाकी काही नाही. निघताना सांगून गेला की डब्या लावून झाल्या, पण माझ्या खोलीतले वायफाय वायरीतूनही पलीकडे जात नाही. वायरीला भिंत काय करणार, मी विचारले. "तेच तं मॅडम," म्हणाला. त्यानंतर त्याने माझा फोन उचललेला नाही.

२१ सप्टेंबर

तसबीर उतरवून माझ्या कपाटात कुलपात ठेवली. संध्याकाळी व्हरांड्यात उभी राहून नावे मीच घेतली. शाळेत माझा आवाज मैदानापलीकडे जायचा. एकही उत्तर नाही. घसा बसेपर्यंत ओरडले. खोलीत गेले तर मुली आपल्या अभ्यासात. वैष्णवीने दचकून विचारले, मॅडम, कधी आल्या तुम्ही?

शकुबाई म्हणते, तसबीर परत लावा. मी म्हणाले, चार्ज माझ्याकडे आहे. ती तवा उतरवत म्हणाली, "द्याले कोणी नव्हतं, तं घेतला कायले बाई?"

२६ सप्टेंबर

आवाज आणखी आत गेला आहे. वर्ध्याला बहिणीला फोन लावला, अगदी यंत्राला टेकून. ती हॅलो हॅलो करत राहिली. जेवायला शकुबाईसमोर ताट धरून उभी राहिले. तिने माझ्यामागच्या मुलीला वाढले. पदर ओढला तेव्हा किंचाळली. चेष्टा नव्हती ती. की मुलींनी ठरवून — नाही. त्या तशा नाहीत. त्या मेलेल्या बाईवर इतका जीव लावतात, मग माझ्यावर —

३० सप्टेंबर, दसरा

बऱ्याच मुली घरी, काही नागपूरला दीक्षाभूमीवर. व्हरांडा रिकामा. दिवेलागणीला बंद खोलीतून नाव ऐकू आले. हळू. मग दुसरे. आणि उत्तरे — साऱ्या खोल्यांतून — कुलूप असलेल्यांतूनसुद्धा. वैष्णवीचा आवाज ओळखला मी. ती महागावला आहे.

आधी भीती वाटली नाही. आधी हेवा वाटला. भीती नंतर.

१ ऑक्टोबर

वैष्णवी परतली. शकुबाईला सांगत होती — मी शेजारीच उभी, दोघींना दिसत नव्हते — की काल अंगणात सोनं वाटताना तोंडातून आपसूक निघालं, आली ताई. "माय म्हणे, कोणाले बोलून राह्यली वं?" दोघी हसल्या. किती सुखाने.

त्या बंद खोलीची किल्ली माझ्याकडे आहे. चार्ज माझा आहे.

२ ऑक्टोबर

उघडली. रिकामी खाट. खिडकी नाही. आत पाऊल टाकले आणि सगळे ऐकू येऊ लागले. पान उलटल्याचे. केसांतून कंगवा ओढल्याचे. साऱ्या खोल्यांतले. भिंती नाहीतच जणू.

हळूच म्हटले, वैष्णवी.

आली ताई.

मला म्हणाली. मला! जमनी — आली ताई. दीपा — आली ताई. रडू आले. वेड्यासारखी पुन्हा पुन्हा नावे घेत —

मग कळले. खाटेवरून आणखी कोणी नावे घेत होते. माझ्या किंचित आधी. उत्तर तिला येत होते.

वळले. दार होते तिथे भिंत —

तारीख माहीत नाही

वही हातात आहे. बाहेर शकुबाईने कपाटाचे कुलूप तोडले. ऐकू येते. तसबीर पुसली. यंत्र कोनाड्यात. वैष्णवी म्हणते, मॅडम न सांगताच गेल्या वाटते. बरं झालं असे नाही म्हणाली. तेवढे तरी —

हाका मारते मी. दगड पितो.

खाटेवरून तिची हजेरी चालू आहे. शेवटच्या मुलीनंतरही थांबत नाही. रुखमे, म्हणते. आई म्हणायची तसे. रुखमे. इतक्या मायेने मला कोणी —

चार्ज द्यायचा तर लिहूनच.

दिले: किल्ल्यांचा जुडगा. वायफायचे यंत्र, चालू. तसबीर, काचेसह. मुली, सर्व.

घेणार: विमलताई.

देणार: रुखमा, कोपऱ्याची खोली. हजर. आली ता