सातवीच्या फळ्यावरचे दोन गोल

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार (कंबर धरली असल्यामुळे निम्मा मनातल्या मनात).

तुमचा खोकला कमी झाला असेल आणि मामीने लपवलेला साखरेचा डबा तुम्हाला अजून सापडला नसेल, अशी आशा आहे. मागच्या भेटीत माझ्या वर्गाच्या वह्या पाहून 'इंग्रजी शिकवतेस की चाकं दुरुस्त करतेस?' असं तुम्ही सगळ्यांदेखत विचारलं होतं. तेव्हा मी वह्या पिशवीत भरल्या, कारण वेळ वाईट होती. तपासणीत सातवीला स्वतःच्या मनाने चार ओळी इंग्रजीत लिहिता आल्या नाहीत, तर वर्ग माझ्याकडून काढून आठवीच्या सरांना देईन, असं मुख्याध्यापिकाबाईंनी बजावलं होतं. (या सरांना मुलं पाठांतरसर म्हणतात. त्यांच्या सगळ्या विद्यार्थ्यांच्या निबंधात जिवलग मित्र एकच असतो, उंच, हसतमुख आणि गणितात हुशार. असा मुलगा मी अख्ख्या शाळेत पाहिलेला नाही.)

सुरुवातीला माझी फजितीच झाली. दोघांची तुलना लिहायला शिकवावी म्हणून मी फळ्यावर एकमेकांत अडकलेले दोन गोल काढले. डावीकडे एकाचं वेगळेपण, उजवीकडे दुसऱ्याचं, मधे दोघांचं सारखं, आणि मग त्यावरून वाक्यं. वर्गाने त्याला एकमताने चष्मा ठरवून खाली नाक आणि मिशा काढल्या. गोष्टीतल्या घटना क्रमाने मांडायला चौकटींची आगगाडी काढली, तर अख्खा तास तिचा धूर रंगवण्यात गेला. इंग्रजीच्या वहीत चित्रं कशाला, म्हणून एका मुलीचे वडील भांडायला आले (आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच डब्यांना चाकं काढून पाठवली). पण मी चिकाटी सोडली नाही. हळूहळू मिशा गेल्या आणि शब्द आले.

तपासणीच्या दिवशी शिक्षण खात्याचे साहेब आणि मुख्याध्यापिकाबाई मागच्या बाकावर बसले. पाठांतरसर दारात उभे होते, हातात स्वतःचा खडूचा डबा घेऊन. पाठ केलेलं चालायचं नाही म्हणून साहेबांनी ऐनवेळी फर्मावलं, की या खोलीतल्या कुठल्याही दोन माणसांची तुलना करा. वर्गाने इकडेतिकडे पाहिलं आणि साहेब व बाई यांनाच निवडलं. मी खडू त्यांच्या हाती दिला. बाई मोठ्याने बोलतात तर साहेब पुटपुटतात, बाई सावकाश चालतात तर साहेब बिस्किटं भराभर खातात, हे सगळं 'तर'च्या जागी 'व्हेअरॅज' घालून शुद्ध इंग्रजीत फळ्यावर आलं. मधल्या भागात मात्र एकच वाक्य होतं: दोघंही प्रश्न विचारतात आणि उत्तरासाठी थांबत नाहीत.

 साहेबांनी चष्मा पुसला, एक प्रश्न विचारला आणि थांबले. मामा, ते खरंच थांबले. मग मुलं एकामागून एक उभी राहून इंग्रजीत बोलत सुटली, चुकत होती, पण स्वतःचं बोलत होती. घंटा झाली तरी कोणी खाली बसेना. मला रडू आलं, ते मी खडूच्या धुळीवर ढकललं. वर्ग माझ्याकडेच राहिला. हे गोल नेमके कसे वापरायचे, असं बाईंनी जाताना हळूच विचारलं (आणि उत्तरासाठी थांबल्या).

मामीला नमस्कार.

तुमची विजयी भाची

ता. क. या विजयाचा एक त्रास झाला आहे. चार ओळी मागितल्या तर मुलं चार पानं लिहितात, आणि वह्यांचा ढीग माझ्या स्वयंपाकघरापर्यंत आला आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून तुम्ही लाल पेन घेऊन वर्तमानपत्रातल्या चुका काढत बसता, असं मामी सांगत होती. त्यापेक्षा महिनाभर इकडे या. इथल्या चुका जास्त ताज्या असतात.

आणखी एक ता. क. मला ज्यांनी इंग्रजी शिकवलं ते मामा येणार, असं मी वर्गात सांगूनही टाकलं. मुलांनी लगेच दोन गोल काढले. माझा भरून वाहतो आहे (काय लिहिलं आहे ते विचारू नका). तुमचा रिकामा आहे, कारण माणूस न बघता लिहायचं नाही असं त्यांनी ठरवलं आहे. मधल्या भागात मात्र मीच एक ओळ लिहून टाकली: दोघांनाही वर्गाबाहेर करमत नाही.