सालावरचा मास्तर

१९ जून २०२५

पौर्णिमा म्हणते, आजी, हळू बोल, हात दुखतो. दुखू दे! निंदताना मी तणाला कधी म्हटलं होतं का, हळू वाढ म्हणून?

मला अक्षर येत नाही. नातीला येतं, बीएस्सी झाली. मी म्हणते मले, ती लिहिते मला. चालू द्या. साहेबीण आहे.

आज तिच्या बापाची, माझ्या अश्वजितची, मुलाखत झाली. गणितात डॉक्टर आहे तो — सुई न टोचणारा! पौर्णिमा पाटी घेऊन शाळेत जायची तेव्हापासून तालुक्याला, समुद्रपूरच्या कॉलेजात शिकवून राह्यला. तरी दर साली नवीन आल्यासारखं विचारतात, तुम्हाला शिकवता येतं का? येतं म्हणाला. मग घेतलं, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत. जेवढे तास तेवढा पगार. सुट्टी लागली की घरी.

२० जून

रात्रभर डोक्यात तेच. पौर्णिमाचे आजोबा वासुदेवरावांकडे सालदार होते, वर्षाच्या बोलीवर राबणारे गडी. (नाव तिनंच लिहावं, प्रेमदास. मी तोंडानं कधी घेतलं नाही.) पाडव्याला मालकाच्या ओसरीखाली उभं राहून साल ठरायचं. जाताना हे बाहेरून कडी लावून जायचे. आत अश्वजित रडायचा. मी म्हणायची, काऊन कोंडता लेकराले? तर म्हणत, "मागं मागं आला तर मालक म्हणन, यालेही लाव कामाले."

कडी लावली म्हणून पोरगा शिकला. आणि शिकून काय झाला? सालदारच! आमच्या यांना निदान बारा महिने ज्वारी मिळायची.

हे वाक्य पौर्णिमाला लिहायचं नव्हतं. लिही म्हटलं.

५ जुलै

आज अश्वजितला विचारलं, तुझ्या कॉलेजाचं बिघडलं तरी काय? त्यानं समजावलं. मास्तर आहे, चांगलं समजावतो.

आधी मास्तरांचा पगार सरकार द्यायचं. जुने सर रिटायर झाले, त्यांच्या जागा भरल्याच नाहीत. मग एमएस्सीच्या वर्गातून सरकारनं अंगच काढून घेतलं. खोली तीच, बाकं तीच, पंखा तसाच कुरकुरतो. पण पगार आता पोरांच्या फीमधून. म्हणून फी वाढली. फी वाढली म्हणून पोरं येत नाहीत. पोरं येत नाहीत म्हणून वर्ग बंद करू म्हणतात.

मी म्हटलं, "हे तर बैलाले चारा नाई द्याचा आन् म्हनाचं, चालत काऊन नाई!"

हसला. पुष्कळ दिवसांनी.

वर्गाला जितकी नावं लागतात तितकी जमली नाहीत, तर त्याचे तासही जातील. आता तो गावोगाव पोरं गोळा करत फिरतो.

१२ जुलै

मलाही गाडीवर बसवून नेलं, गिरडच्या अलीकडे, रूपरावांकडे. म्हातारी सोबत असली की लोक दारातून परत पाठवत नाहीत! त्यांची पोरगी आकांक्षा गणितात हुशार.

चहा झाला. अश्वजितनं सगळं सांगितलं. फी आधी भरा, शिष्यवृत्ती मागून येते. कधी येते ते नाही सांगितलं.

रूपराव म्हणाले, "मास्तर, तुमी म्हनता ते खरं. पन एवढी फी भरून पोरगी होईन काय?"

"प्राध्यापक होईल."

रूपरावांनी त्याच्या चपलेकडे पाहिलं. अंगठा तारेनं बांधलेला. हळूच म्हणाले, "तुमच्यासारखी?"

टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होते, बिचारे. पोरगी आतल्या दारात उभी होती. ती मागं सरकली.

येताना अश्वजितनं वाटेतलं दुसरं गाव घेतलंच नाही, सरळ घरी आणलं. मी थट्टा केली नाही. माझ्याच्यानं होत नव्हती.

२४ जुलै

पौर्णिमाचा नागपूरला विद्यापीठात नंबर लागला! एमएस्सी गणित! तिथं अजून सरकारी पगाराचे मास्तर आहेत म्हणते, थोडे उरलेत. तिथंही फी वाढवलीच. वर्षालीनं, माझ्या सुनेनं, बचतगटातून उचल घेतली. तिनं पोरीच्या हातात पैसे दिले तेव्हा अश्वजित उठून बाहेर गेला. वावराकडे तोंड करून उभा.

८ ऑगस्ट

एक नाव कमी. फक्त एक! सोमवारपर्यंत नाही आलं तर वर्ग बंद. अश्वजित जेवला नाही. जुनी वही काढून पुढच्या सालचे धडे लिहीत बसला — कोणासाठी?

११ ऑगस्ट

भरलं! शेवटच्या घडीला कोण्या एकीनं मोबाइलवरून फॉर्म भरला. अश्वजित सगळ्यांना आलूबोंडे घेऊन आला. कोण पोरगी? म्हणे, "हापिसानं मले किती झाले तेवढंच सांगतलं, माय. यादी पहिल्या दिवशी भेटन." कोणाची का असेना, तिच्या तोंडात साखर पडो.

पौर्णिमा लिहिता लिहिता थांबली. पेन अडकला म्हणे. मी म्हटलं, नवा घे, बापाचं साल ठरलं!

२४ ऑगस्ट

उद्या पौर्णिमा नागपूरला. जवसाची चटणी बांधून दिली. म्हटलं, "तिकडं तुले इतकं बोलनारी म्हातारी नाई भेटाची." तर पोरगी माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिली. लिहिते कुठं, नुसती पडून आहे. हे मागून लिहून घेतलं.

२५ ऑगस्ट, सकाळ

सून लिहून राह्यली. तिला वेळ लागतो. अश्वजित गाडीनं आधीच गेला, वर्गाचा पहिला दिवस. मग पौर्णिमा एसटीनं. मी फाट्यावर उभी राहून हात हलवला. रडले नाही. वर्षाली विचारते, खरं लिहू का? नको लिहू म्हटलं. लिहिलं वाटतं.

२५ ऑगस्ट, संध्याकाळ

पौर्णिमाच लिहिते आहे. समुद्रपूरलाच उतरली ती. नागपूरची जागा सोडली, उचलीचे पैसे बापाच्या कॉलेजात भरले. अश्वजितनं हजेरी घेतली. शेवटचं नाव वाचता वाचता थांबला, पुढं त्याचं स्वतःचंच नाव होतं, बापाचं म्हणून. फळ्याकडे वळला. मागच्या बाकावरून ही म्हणाली, "हजर, सर."

लेकरू बापामागं येऊ नये म्हणून हे कडी लावून जायचे. मी हात हलवत उभी राहिले.