मावशीसाठी चुकवलेली गणितं

मंगळवार, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही मजेत आहोत. दोन गल्ल्या ओलांडून पत्र कसलं पाठवते म्हणून हसशील, तर हस. समोर आलीस की तू मुख्याध्यापिका होतेस आणि माझी दातखीळ बसते.

इकडे शिलाई जोरात आहे. एका हॉटेलचे पडदे आलेत, फिकट निळे. उन्हात टांगले की आख्खी खोली पाण्याखाली गेल्यासारखी दिसते. भिंगरी शाळेतून आली की त्या कापडाखाली आडवी होते आणि आकड्यांशी गप्पा मारते. सात म्हणे झोपाळू आहे, त्याला कुणात मिसळायला आवडत नाही. मी सुई ओवायची विसरून ऐकत बसते. आठ वर्षांची माझी लेक, पण कापड नुसतं बघून चुण्या किती पडतील ते सांगते, आणि माझी टेप नंतर तिचीच री ओढते.

तर त्या चाचणीबद्दल. तिला वरच्या वर्गात बसव म्हणून मी तुझ्यामागे भुणभुण लावली, तू चाचणी घेतलीस आणि ती सोप्या गणितांत आपटली. तू म्हणालीस, "बघ, घाई नको. प्रत्येक आईला आपलं पोर हुशारच वाटतं." मी मुकाट्याने घरी आले. राग आला होता, खोटं कशाला बोलू.

काल तीच गणितं तिला सहज तोंडी विचारली. बाहुलीची वेणी घालता घालता सगळी सोडवली. म्हटलं, "मग शाळेत काय झालं होतं गं?"

तिने वेणीची गाठ आवळली. मग म्हणाली, "मुद्दाम चुकवली. मावशी लहानपणी वरच्या वर्गात गेली ना, तेव्हा तिच्याशी कुणी बोलायचंच नाही. सांगताना ती डोळे पुसत होती. मी गेले तर तिला परत तसं वाटेल."

ताई, मला तू हे कधीच सांगितलं नाहीस. मला वाटायचं, तू मिरवत गेलीस. तिला सांगितलंस ते बरंच केलंस, पण आता तुझं दुःख ती सांभाळतेय आणि त्यापायी आपली अक्कल लपवायला शिकतेय. ही सवय एकदा लागली की सुटायची नाही. आणि आत्ताच्या वर्गात तरी काय, सगळ्यांच्या आधी लिहून संपवते आणि खिडकीबाहेर बघत बसते. तिथेही ती एकटीच आहे गं.

चाचणी पुन्हा घे. त्याआधी तिला जवळ घेऊन सांग, की तुला वाईट वाटणार नाही. वाटणार असलं तरी सांग, एवढं एक खोटं बोल. आणि ती वर गेलीच, तर पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीत तिच्या बाकावर जाऊन बस. तुझ्या बाकावर कुणी बसत नव्हतं हे मला कळलं असतं, तर खालच्या वर्गातून पळत आले असते.

तुझ्याशेजारी बसायला फार उशीर झालेली,
तुझी धाकटी